ग्रब२ करतं तरी काय?

गेल्या मंगळवारी टी.वाय.च्या वर्गात सेल सिग्नलिंग घेत होते, म्हणजे पेशीला बाहेरून आलेला निरोप आतपर्यंत कसा पोचतो ते. तोच तो फळ्यावरचा घसरगुंडीसारखा चार्ट, सगळ्यात वर ईजीएफ (पेशीला वाढ म्हणून सांगणारं प्रोटीन), त्याखाली त्याचा रिसेप्टर (पेशीच्या अंगावर बसून तो निरोप झेलणारा), मग ग्रब२, मग सॉस, मग रास, राफ, मेक आणि शेवटी अर्क (हो, नाव अर्कच आहे, आणि तो आहेही पक्का अर्क, पुढे येईल), सगळी प्रोटीनंच, आणि दर दोघांच्या मधे एकेक बाण. हा चार्ट मी इतक्या वेळा काढलाय की हात आपोआप चालतो, डोक्यात त्या वेळी घरी गॅस बंद केला का नाही हे चाललेलं असतं. तर मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "मॅडम, रिसेप्टर फॉस्फेट लावतो, कळलं. सॉस रासकडचा जीडीपी काढायला लावतो, कळलं. राफ मेकला फॉस्फेट लावतो, ते पण कळलं. पण ग्रब२ सॉसला काय करतं? तिथे पण तुम्ही बाणच काढलाय." (फॉस्फेट म्हणजे प्रोटीनवर लागणारी छोटी रासायनिक खूण, आणि जीडीपी म्हणजे रास बंद असताना त्याला चिकटलेला रेणू.)

मी म्हटलं, बाइंड करतं, म्हणजे चिकटतं.

तो म्हणाला, "हो मॅडम, पण करतं काय?"

तेवढ्यात बेल झाली म्हणून वाचले. पण खरं सांगू का, चिडले होते मी, त्याच्यावर नाही, स्वतःवर. पीएचडीची साडेपाच वर्षं मी ह्याच प्रोटीनच्या मागे घालवली आणि वर्गात मला "बाइंड करतं" ह्याच्या पुढे एक वाक्य सुचू नये! त्या रात्री भांडी घासताना डोक्यात तेच, म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर सरळ उत्तर असं की ग्रब२ काहीच करत नाही. खरंच. २१७ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, त्यात तीन तुकडे ओळीनं, एसएच३, एसएच२, परत एसएच३ (ही नावं कुठून आली ते पुढे), आणि संपलं. कुणाला फॉस्फेट लावायची ह्याची ताकद नाही, काढायची नाही, काही तोडत नाही, काही जोडत नाही, एन्झाइम नाहीच मुळी. आणि तरी उंदरातून ह्याचं जीन काढून टाकलं तर पिल्लू जन्मालाच येत नाही, गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांतच संपतो. म्हणजे घरात एक माणूस दिवसभर काहीच करताना दिसत नाही आणि तो दोन दिवस गावाला गेला की घर बंद पडतं, तसला प्रकार. (आमच्याकडे अशी आजी होती. असो.)

ह्या बिनकामाच्या प्रोटीनांची गोष्ट सुरू होते कोंबडीपासून. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउसनं कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क (हा दुसरा अर्क, साधा) दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. नोबेल त्याला १९६६ ला मिळालं, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. त्याच्या व्हायरसमधलं गाठ आणणारं जीन म्हणजे सार्क, आणि सार्क हे टायरोसिनवर (हे एक अमिनो आम्ल, सेरीन आणि थ्रिओनिनही तसलीच) फॉस्फेट लावणारं एन्झाइम आहे. टायरोसिनवर फॉस्फेट लागतो हेच १९७९ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं, कारण पेशीतल्या एकूण प्रोटीन-फॉस्फेटांत ह्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, बाकी सगळे सेरीन नाहीतर थ्रिओनिनवर. टोनी हंटरला ते सापडलं ते कसं, तर नवा बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण) करायचा कंटाळा केला म्हणून. जुन्या बफरचा पीएच वापरून वापरून थोडा खाली गेला होता आणि त्यामुळे अमिनो आम्लं वेगळी करून बघताना एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्यात लपून जाणारा टायरोसिनचा ठिपका वेगळा दिसला. माझ्या कंटाळ्यातून काय निघालं ते पुढे सांगते, त्याला नोबेल वगैरे नाही.

मग १९८६ ला कॅनडात टोनी पॉसनच्या लॅबनं सार्कच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका व्हायरसच्या एन्झाइमात बघितलं की एन्झाइमचं काम करणारा भाग सोडून शेजारी साधारण १०० अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे जो सार्कमध्येही तसाच्या तसा दिसतो. काम करणारा भाग एक नंबर धरला, म्हणून हा सार्क होमॉलॉजी दोन, एसएच२. नावात काही कल्पकता नाही, पण त्या तुकड्याशिवाय तो व्हायरस नीट चालेना, एवढं कळलं. दोन वर्षांनी, १९८८ ला, हानाफुसांच्या लॅबमध्ये आणखी एका कोंबडीच्या व्हायरसमधलं जीन मिळालं, क्रक नावाचं, आणि ह्यानं सगळ्यांचं डोकं फिरवलं. कारण ह्याच्यात एन्झाइमचा भागच नव्हता! फक्त एसएच२ आणि एसएच३. आणि तरीही ते पेशीत घातलं की पेशी कॅन्सरसारखी वागते आणि टायरोसिनवरचे फॉस्फेट भराभर वाढतात. स्वतः काहीच न करणारं प्रोटीन दुसऱ्यांकडून करवून घेतंय, हे पहिल्यांदा इतकं उघडपणे दिसलं. १९९० च्या सुमारास चित्र स्पष्ट झालं, एसएच२ हा तुकडा फॉस्फेट लागलेला टायरोसिन ओळखून धरतो. फॉस्फेट नसला तर ढुंकूनही बघत नाही.

पॉसनला नोबेल मिळालंच नाही. क्योटो प्राइज मिळालं २००८ ला, २०१३ ला वयाच्या साठाव्या वर्षी गेला. मला हे अजून खुपतं, पण तो वेगळा विषय.

आता ग्रब२. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला श्लेसिंजरच्या लॅबनं ईजीएफ रिसेप्टरची शेपटी (त्याचा पेशीच्या आत लोंबणारा भाग) घेतली, फॉस्फेट लागलेली, रेडिओअ‍ॅक्टिव्ह, आणि ती गळाला लावून मानवी प्रोटीनांच्या लायब्ररीत, म्हणजे संग्रहात, टाकली, जे लागेल ते लागेल. जे लागलं त्यांना ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर बाउंड असं नाव आणि पुढे नंबर. पहिलं ग्रब१, ते निघालं आधीच माहीत असलेलं पी८५ नावाचं प्रोटीन, आणि दुसरं आपलं ग्रब२. त्याच वर्षी हॉर्विट्झच्या लॅबनं एका मिलिमीटरच्या किड्यात, सी. एलेगन्समध्ये, सेम-५ नावाचं जीन शोधलं आणि ते म्हणजे किड्यातलं ग्रब२ निघालं, तेच तीन तुकडे त्याच क्रमानं. ह्या जीनमध्ये बिघाड झाला की किड्याच्या मादीसदृश जिवाला अंडी बाहेर टाकायची वाटच तयार होत नाही, अंडी आतच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली ते बघितलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. आणि मग कुणीतरी माणसाचं ग्रब२ त्या किड्यात घातलं तर ते चाललं! वाट परत तयार झाली.

आणि माशीची गोष्ट तर पाहिजेच. फळमाशीच्या डोळ्यात साधारण ८०० छोटे डोळे, प्रत्येकात आठ प्रकाशपेशी. सत्तरच्या दशकात एक म्युटंट (जीनमध्ये बिघाड असलेली माशी) मिळाला ज्याच्यात सातवी पेशीच बनत नव्हती, म्हणून जीनचं नाव सेव्हनलेस. हा एक रिसेप्टर. मग शेजारच्या आठव्या पेशीवर त्याला सिग्नल देणारं प्रोटीन सापडलं, त्याचं नाव ठेवलं ब्राइड ऑफ सेव्हनलेस, म्हणजे नवरी. मग रिसेप्टरच्या खालच्या बाजूला काम करणारं मिळालं, ते सन ऑफ सेव्हनलेस, एस-ओ-एस, सॉस. तर हा आपला सॉस म्हणजे सेव्हनलेसरावांचा मुलगा. माशीवाल्या लोकांना नावं ठेवण्यात कुणी हरवू शकत नाही. गंमत म्हणजे बाप आणि मुलगा ह्यांची थेट गाठच पडत नाही, मधे एक जण लागतो, आणि माशीत तो मधला म्हणजे ड्रक, परत आपलंच ग्रब२. १९९३ मध्ये एकामागून एक पेपर आले, माशी, किडा, उंदीर, माणूस, सगळीकडे तीच साखळी. मी तेव्हा पहिलीत होते, पण ते पेपर वाचताना अजून अंगावर काटा येतो, चार वेगवेगळ्या गावचे लोक चार दिशांनी येऊन एकाच चौकात भेटावेत तसं.

बरं आता मुद्द्याला येऊ, बाइंड म्हणजे काय.

ईजीएफ येऊन रिसेप्टरला चिकटला की दोन रिसेप्टर जवळ येतात आणि एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसिनना फॉस्फेट लावतात. शेपट्या पेशीच्या आत लोंबत असतात. ग्रब२ च्या एसएच२ मध्ये एक खोलगट खिसा आहे, त्याच्या तळाशी एक आर्जिनिन बसलंय, पॉझिटिव्ह चार्जवालं. फॉस्फेट निगेटिव्ह. टायरोसिनची बाजूची साखळी लांब असते म्हणून तिच्या टोकाचा फॉस्फेट बरोबर तळापर्यंत पोचतो. सेरीनवरचा फॉस्फेट आखूड पडतो, पोचतच नाही, म्हणून पेशीभर सेरीन-फॉस्फेटांचा पाऊस असला तरी एसएच२ ला फरक पडत नाही. मला हे फार आवडतं, ओळखायची पद्धत काय, तर हात पुरतो का नाही एवढंच.

पण फॉस्फेट-टायरोसिन तर सगळ्यांकडेच असतो मग ग्रब२ ला नेमका आपला टायरोसिन कसा कळतो? तर तो पुढची अक्षरं वाचतो. ग्रब२ ला टायरोसिननंतर दुसऱ्या जागी अ‍ॅस्परजिन लागतं. का, तर त्याच्या एसएच२ मध्ये १२१ नंबरला एक भलंमोठं ट्रिप्टोफॅन रस्ता अडवून बसलंय. सार्कच्या एसएच२ मध्ये शेपटी सरळ लांब पसरून झोपते, इथे तिला वळावंच लागतं, आणि त्या वळणात अ‍ॅस्परजिन छान बसतं. ईजीएफ रिसेप्टरच्या १०६८ नंबरच्या टायरोसिनपुढे नेमकं तसंच आहे. पॉसनच्या लॅबनं १९९४ मध्ये काय केलं, सार्कच्या एसएच२ मधलं फक्त एक अमिनो आम्ल बदलून तिथे ट्रिप्टोफॅन ठेवलं, एकच, आणि तो एसएच२ ग्रब२ सारखा वागायला लागला, इतका की किड्यात सेम-५ चं कामही करायला लागला. स्पेशॅलिटी म्हणजे एवढंच, वाटेत एक दगड.

दुसऱ्या बाजूला दोन एसएच३. हे प्रत्येकी साधारण ६० अमिनो आम्लांचे, ह्यांना प्रोलिन आवडतं. प्रोलिन हा मुळात वाकड्या स्वभावाचा, साखळीत जिथे येईल तिथे साखळी ताठ करून टाकतो, आणि सॉसच्या शेपटीत असे प्रोलिनचे बरेच ताठ तुकडे आहेत, ते एसएच३ च्या खाचांत बसतात. ह्यासाठी फॉस्फेट वगैरेची गरज नाही, त्यामुळे ग्रब२ आणि सॉस बरेचदा आधीपासूनच एकमेकांचा हात धरून पेशीत भटकत असतात, ईजीएफ यायच्या आधीपासून. हे पुस्तकातल्या चित्रात कधीच दिसत नाही. चित्रात आधी ग्रब२ येतं मग सॉस येतो, स्टेशनवर एकेक डबा जोडल्यासारखं.

आणि इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सॉसचं काम आहे रासला हलवून त्याच्याकडचा जुना जीडीपी सोडायला लावणं, मग रास नवा जीटीपी उचलतो आणि चालू होतो. हे काम सॉसला आधीपासून येतं, ग्रब२ त्याला काही शिकवत नाही. अडचण एवढीच आहे की रासला चरबीचं शेपूट आहे, तो मेम्ब्रेनच्या, म्हणजे पेशीच्या आवरणाच्या, आतल्या बाजूला खिळून बसलाय आणि सॉस आतल्या पाण्यात फिरतोय. गणपतीत लक्ष्मी रोडच्या गर्दीत दोन मित्र चुकले की नुसते फिरून भेटत नाहीत, कितीही फिरा, पण "मंडईत टिळकांच्या पुतळ्याशी उभा राहा" म्हटलं की भेटतात. ग्रब२ सॉसला पुतळ्याशी आणून उभं करतं, बस. रास तिथेच आसपास असतो. म्हणजे ग्रब२ सॉसचा पत्ता बदलतं.

हे मी उपमेच्या जोरावर म्हणत नाहीये, प्रयोग आहे. १९९४ च्या सुमारास लोकांनी सॉसलाच सरळ चरबीचं शेपूट जोडलं, रिसेप्टर नको, ईजीएफ नको, ग्रब२ नको, सॉस मेम्ब्रेनला टांगलेलाच. आणि रास चालू! पत्ता बदलला की काम झालं. (अगदीच एवढं साधं नाही, सॉस स्वतःलाच थोडा आवळून बसलेला असतो आणि मेम्ब्रेनजवळ आल्यावर मोकळा होतो, शिवाय चालू झालेला रास सॉसच्या दुसऱ्या एका खाचेत बसून त्याला आणखी जोर देतो, पण पहिली पायरी पत्ताच.)

आता माझी फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला पुल-डाउन करायचं होतं. म्हणजे ग्रब२ चा फक्त एसएच२ बॅक्टेरियात बनवायचा, त्याला जीएसटीचं (टॅक्स नव्हे, एक प्रोटीन) हँडल लावलेलं, ते बीड्सवर, म्हणजे बारीक मण्यांवर, चिकटवायचं, मग पेशींना पाच मिनिटं ईजीएफ द्यायचं, पेशी फोडायच्या, ते पाणी ह्या बीड्सवर फिरवायचं आणि बघायचं रिसेप्टर लागतो का. पेशी ए४३१, ८५ वर्षांच्या एका बाईच्या त्वचेच्या गाठीतून आलेल्या, ह्यांच्या अंगावर ईजीएफ रिसेप्टर इतके की न लागायला काही कारणच नाही. प्रॅक्टिकलच्या मुलांना पण जमावा असा प्रयोग. मी तीन आठवडे कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून, मे महिन्यात, बाहेर ४० डिग्री आणि आत मी काकडतेय, आणि बँड (रिसेप्टर लागला की फिल्मवर दिसणारी पट्टी) नाही. एकदाही नाही. फिल्म धुवून काढली की पांढरी, नाहीतर सरसकट काळी, कारण एकदा ब्लॉकिंगला (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून करतात ते) सवयीनं दूध पावडर घातली, आणि दुधातल्या केसिनवरच फॉस्फेट असतात, फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी असेल तेव्हा दूध वापरायला म्हणूनच सगळे बिचकतात, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाइडनी सगळ्यांसमोर विचारलं की तुला पिपेट धरता येतं ना. ते वाक्य मी विसरलेले नाही.

शेवटी लॅबमधल्या एका सिनियर ताईनं माझ्या फ्रीजमधली बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "हे पिवळं का आहे गं?" ऑर्थोव्हॅनेडेट. पेशी फोडली की आतले फॉस्फेट काढणारे एन्झाइम मोकाट सुटतात आणि मिनिटाभरात टायरोसिनवरचे फॉस्फेट साफ करून टाकतात, त्यांना थांबवायला हे व्हॅनेडेट घालतात. पण ते आधी तयार करावं लागतं, पीएच १० ला आणायचं, ते पिवळं होतं, मग उकळायचं, रंग जातो, गार करायचं, परत पीएच बघायचा, परत उकळायचं, पाण्यासारखं होईपर्यंत. मी पावडर पाण्यात घालून पीएच लावून ठेवून दिली होती, उकळायचा कंटाळा. हंटरच्या कंटाळ्यातून टायरोसिनचा फॉस्फेट सापडला आणि माझ्या कंटाळ्यातून तो हरवला, बीड्सवरचा एसएच२ बिचारा हात पसरून बसलेला आणि समोर सगळ्या शेपट्या बोडक्या.

व्हॅनेडेट उकळलं, दोन दिवसांनी बँड आला, जाड, १७० किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) जवळ, जिथे यायचा तिथे. शेजारच्या लेनमध्ये कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) होता, खिशाच्या तळाचं ते ८६ नंबरचं आर्जिनिन काढून तिथे लायसिन बसवलेला एसएच२. आर्जिनिन पण पॉझिटिव्ह आणि लायसिन पण पॉझिटिव्ह, तरी तिथे काहीच लागलं नव्हतं. ती रिकामी लेन बघून मला बँडपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पण ह्या प्रयोगात मला खरं जे कळलं ते धुण्यात. बीड्स धुवायच्या असतात, नको ते सगळं जावं म्हणून. तीनदा धुतलं तर बँड जाड, पाचदा निवांतपणे धुतलं तर फिका. मी समजत होते की घट्ट धरलंय, कुलूप-किल्ली वगैरे. पण नाही, एसएच२ ची पकड तशी ढिलीच आहे, सेकंदांच्या हिशेबात सुटते, परत धरते, परत सुटते. एसएच३ ची तर त्याहून ढिली. पुस्तकांत ह्यांना लेगो म्हणतात ते मला पटत नाही, लेगो ओढून काढावा लागतो. मला विचाराल तर ही टिकली आहे. कपाळावर लावली, रात्री काढून आरशाला चिकटवली, सकाळी परत लावली. तिचा गोंद तेवढाच असावा लागतो.

घट्ट गोंद लावला तर? हेही करून बघितलंय लोकांनी. २०१२ मध्ये एसएच२ मध्ये तीन ठिकाणी बदल करून फॉस्फेट-टायरोसिनवरची त्याची पकड प्रचंड वाढवली, नाव दिलं सुपरबाइंडर. फेविक्विक लावलेली टिकली. आपल्याला वाटेल सिग्नल जोरात जाईल. उलट झालं, पेशीत हे सुपरबाइंडर घातले तर ते रिसेप्टरच्या शेपट्यांना जे चिकटले ते चिकटले, दुसऱ्या कुणाला जागाच नाही, आणि ईजीएफचा सिग्नल बंद पडला. अशी घट्ट पकड बनायला फक्त तीन बदल पुरतात तर निसर्गाला एवढ्या काळात ती सहज जमली असती ना? तरी एकाही एसएच२ नं ती ठेवली नाही, आणि माणसात एसएच२ चे जवळपास १२० तुकडे आहेत.

ढिली पकड असेल तर मग काम होतं कसं, तर एकट्यानं नाही. टी-सेलमध्ये (ह्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) लॅट नावाचं प्रोटीन आहे, त्याच्यावर ग्रब२ ला बसायला एक सोडून तीन टायरोसिन, आणि सॉसच्या शेपटीत प्रोलिनचे बरेच तुकडे, त्यामुळे एक सॉस दोन ग्रब२ धरू शकतो, ते दोघं वेगवेगळे लॅट धरतात, आणि बघता बघता मेम्ब्रेनवर जाळं विणलं जातं. जाळ्यातला एक धागा सुटला तरी बाकीचे धरून असतात. सॉस तिथे पुरेसा वेळ टिकला तरच चालू होतो, चुकून आलेला सॉस चालू व्हायच्या आतच निघून जातो. म्हणजे ढिलेपणा हीच चाळणी. हे काम अलीकडचं आहे, २०१९ वगैरे, मी तोवर लॅब सोडली होती, हळहळ वाटते.

ग्रब२ सारख्या, स्वतः काही न करता दोघांना जोडून देणाऱ्या प्रोटीनांना अ‍ॅडॅप्टर म्हणतात. अ‍ॅडॅप्टर फक्त असेच असतात असं नाही हं, टायरोसिनशी संबंध नसलेलेही आहेत, मायडी८८ म्हणून एक आहे, बॅक्टेरियाची चाहूल लागली की सहा मायडी८८ गोल जिन्यासारखे रचून बसतात आणि त्यावर पुढचे एन्झाइम चढतात. तो परत कधीतरी.

आजाराबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण मुलांना ते सांगितलं की झोपलेले पण उठतात. सीएमएल, रक्ताचा कॅन्सर. ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होते, त्यातून आखूड झालेला २२ नंबर १९६० ला फिलाडेल्फियात दिसला होता. ह्या अदलाबदलीतून बीसीआर आणि एबल ही दोन प्रोटीनं एकत्र शिवली जातात, एबल टायरोसिनवर फॉस्फेट लावणारं, आणि बीसीआरकडून आलेल्या भागात १७७ नंबरला एक टायरोसिन. एबल त्यावर फॉस्फेट लावतं आणि तिथे कोण येऊन बसतं? ग्रब२, सॉसला घेऊन. त्या बिचाऱ्याला काय माहीत हा खरा रिसेप्टर नाही, त्याला टायरोसिन दिसला, पुढे अ‍ॅस्परजिन दिसलं, बसला. उंदरांत हा एक टायरोसिन बदलून टाकला तर तसा सीएमएल होत नाही. सीएमएलवरची इमॅटिनिबची गोळी एबलचंच तोंड बंद करते, म्हणजे १७७ बोडका, ग्रब२ येत नाही. अमेरिकेत २००१ ला मान्यता मिळाली, आणि भारतात ह्याच औषधाच्या पेटंटवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली केस आठवत असेल, १ एप्रिल २०१३ चा निकाल, कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली. आमच्या सोसायटीतले एक काका कित्येक वर्षं ती घेतायत, सकाळी पर्वतीवर जाऊन येतात. त्यांना मी एकदा ग्रब२ समजावून सांगायला गेले होते, ते म्हणाले, "म्हणजे चोरानं घराचा नंबर बदलून पोस्टमनला फसवलं." मी एवढं शिकून मला हे सुचलं नव्हतं.

तर शुक्रवारी मी वर्गात जाऊन हे सगळं सांगितलं, तास संपला तरी पोरं बसून होती, आणि त्याच मुलाचा परत हात वर. "मग मॅडम, सॉसलाच जन्मतः चरबीचं शेपूट का नाही? ग्रब२ ची कटकटच नको."

ह्याचं उत्तर मात्र होतं माझ्याकडे. मेम्ब्रेनला टांगलेला सॉस बंद करायचा कसा? प्रयोगात जो टांगला त्यानं रास चालूच ठेवला, ईजीएफ असो नसो, आणि कायम चालू रास म्हणजे काय ते कॅन्सरच्या वॉर्डात जाऊन बघा. ग्रब२ मधे आहे म्हणून शेपटीवरचा फॉस्फेट कुणी काढला की टिकली गळून पडते, सॉस परत पाण्यात. शिवाय साखळीच्या टोकाचा तो अर्क, चालू झाल्यावर मागे येऊन सॉसच्याच शेपटीवर फॉस्फेट लावतो, प्रोलिनच्या तुकड्यांजवळ, आणि ग्रब२ चा हात सुटतो. ज्याच्यामुळे आपण चालू झालो त्यालाच हाकलतो. म्हटलं नव्हतं, पक्का अर्क आहे.

मग मी डस्टर घेतला आणि ग्रब२ आणि सॉसमधला बाण पुसला. त्या जागी काय काढायचं ते अजून ठरत नाहीये. साधी रेघ काढली तर कायमचं चिकटल्यासारखं दिसतं, दोन्हीकडे टोकं असलेला बाण काढला तर मुलं ते केमिस्ट्रीतलं समजतात. सध्या तुटक रेघ काढून ठेवलीय. विद्यापीठाच्या पेपरात मात्र बाणच काढा असं मुलांना सांगितलंय, मार्क जायला नकोत.